धुळीतून उठलेली प्रार्थना

इसवी सनापूर्वी १८० च्या सुमारास जेरुसलेममध्ये बेन सिरा नावाचा एक गुरू तरुणांना व्यवहाराचे आणि धर्माचे शहाणपण शिकवत असे. मित्र कसा पारखावा, पंगतीत कसे वागावे, उसने पैसे कुणाला द्यावेत, वैद्याचा मान का राखावा, अशा अनेक गोष्टी त्याने हिब्रूत लिहून ठेवल्या. या साध्या, संसारी उपदेशाच्या ओघात एके ठिकाणी त्याचा सूर अचानक पालटतो. शिष्यांकडून तो थेट देवाकडे वळतो आणि आर्त होऊन याचना करू लागतो. याकोबाचे विखुरलेले वंश पुन्हा एकत्र आण, तुझ्या नगराची करुणा कर, संदेष्ट्यांच्या तोंडून दिलेली वचने खरी कर, असे त्याचे मागणे आहे.

बेन सिराच्या काळात जेरुसलेमचे मंदिर दिमाखात उभे होते. वेदीवर अग्नी पेटत होता, महायाजक विधी चालवत होता. पण राज्य परक्यांचे होते आणि स्वजनांतले कितीतरी बाबिलोन व इजिप्तमध्ये पांगलेले होते. डोळ्यांसमोर वैभव असूनही या माणसाला काहीतरी अपुरे वाटत होते, आणि ते पुरे करण्याची विनंती त्याने ग्रंथात नोंदवली.

पुढे त्याचा नातू इजिप्तमध्ये जाऊन स्थायिक झाला आणि इसवी सनापूर्वी १३२ नंतर त्याने आजोबांचे पुस्तक ग्रीकमध्ये उतरवले. हे भाषांतर ख्रिस्ती जगाने जपले. मूळ हिब्रू ग्रंथाला मात्र ज्यूंच्या पवित्र शास्त्रात स्थान मिळाले नाही. तालमूद या रब्बींच्या धर्मग्रंथात त्यातली वचने येतात, चौथ्या शतकात संत जेरोमने हिब्रू प्रत पाहिल्याचे नमूद केले, दहाव्या शतकात बगदादमध्ये सादिया गाओनने तिच्यातले उतारे दिले. त्यानंतर पुस्तक नाहीसे झाले. शतकांमागून शतके गेली, पण त्याचे एकही पान कुणाला दिसले नाही.

इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर जाळले. परागंदा झालेल्या ज्यूंच्या उपासनेत तेव्हापासून उद्धाराची मागणी अधिकच खोल रुजली. दिवसातून तीनदा म्हटल्या जाणाऱ्या आमिदा या प्रार्थनेत ती पुन्हा पुन्हा येते : आमचे दुःख पाहा आणि सोडवणूक कर, विखुरलेल्यांना चारी दिशांतून गोळा कर, जेरुसलेम पुन्हा बांध, दावीदच्या वंशातला राजा दे. गावे बदलली, राजे बदलले, बोलभाषा बदलल्या, ही मागणी बदलली नाही. मग प्रश्न उभा राहतो. ही आशा जळालेल्या मंदिराच्या राखेतून जन्मली, की मंदिर उभे असतानाही ती लोकांच्या ओठांवर होती? बेन सिराचा मूळ ग्रंथ याची साक्ष देऊ शकला असता. पण तो साक्षीदारच बेपत्ता होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केंब्रिजच्या रस्त्यांवरून लालसर दाढीचा, विस्कटलेल्या केसांचा एक माणूस स्वतःच्याच विचारांत गढून चालताना दिसे. सॉलोमन शेक्टर त्यांचे नाव. रोमानियातील फोक्शानी या गावी एका हसिदी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. व्हिएन्ना आणि बर्लिन येथे शिकून ते १८८२ मध्ये इंग्लंडला आले आणि १८९० पासून केंब्रिज विद्यापीठात तालमूद शिकवू लागले. पारंपरिक यशिवांतले, म्हणजे ज्यू धर्मपाठशाळांतले पाठांतर आणि युरोपातली चिकित्सक विद्या अशा दोन्ही शाळांत ते तयार झाले होते.

त्याच सुमारास ऑक्सफर्डमध्ये अरबीचे प्राध्यापक डेव्हिड मार्गोलियथ यांनी बेन सिरावर एक खळबळजनक व्याख्यान दिले. ग्रीक आणि सिरियाक भाषांतरांच्या आधारे मूळ हिब्रू पुन्हा रचता येते आणि ती हिब्रू उत्तरकालीन रब्बींच्या भाषेसारखी होती, असे त्यांनी ठासून मांडले. शेक्टरांना हे मुळीच पटले नाही. १८९१ मध्ये त्यांनी रब्बींच्या वाङ्मयात विखुरलेली बेन सिराची वचने वेचून एक लेख प्रसिद्ध केला. पण अशा वेचलेल्या कणांवर सगळा ग्रंथ कसा होता ते कळणार नव्हते. ज्याच्या भाषेवर वाद घालायचा, तो ग्रंथच हाती नव्हता. हा सल शेक्टरांना स्वस्थ बसू देईना.

त्यांच्या शोधाचे दार उघडले ते दोन स्कॉटिश विधवांनी. अ‍ॅग्नेस लुइस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणी कट्टर प्रेस्बिटेरियन होत्या आणि विद्यापीठाची पदवी त्यांच्यापैकी कुणाकडेच नव्हती. तरीही त्यांनी स्वतःच्या हिमतीवर ग्रीक, अरबी, सिरियाक, हिब्रू या भाषा आत्मसात केल्या होत्या. उंटांच्या तांड्याबरोबर वाळवंट तुडवत त्या सिनाय पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरीन मठात पोहोचल्या, आणि १८९२ मध्ये तेथे शुभवर्तमानांची एक अतिप्राचीन सिरियाक प्रत अ‍ॅग्नेसबाईंनी उजेडात आणली. त्यामुळे पदवीवाल्या पंडितांनाही त्यांचे नाव आदराने घ्यावे लागले. १८९६ च्या वसंतात त्या पुन्हा पूर्वेच्या दौऱ्यावर गेल्या आणि एका विक्रेत्याकडून जीर्ण हिब्रू पानांचा गठ्ठा घेऊन परतल्या. पाने लावता लावता काहींची ओळख त्यांना पटली. काही मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरची होती. ती बाजूला काढून ठेवून त्यांनी ठरवले की शेक्टरांना दाखवायची.

१३ मे १८९६ रोजी केंब्रिजच्या रस्त्यात अ‍ॅग्नेसबाईंची आणि शेक्टरांची गाठ पडली. आमच्याकडे काही पाने आहेत, पाहायला या, असे त्यांनी सांगितले. शेक्टर जराही वेळ न दवडता कॅसलब्रे या त्यांच्या घरी पोहोचले. टेबलावर पाने मांडलेली होती. एक पान जेरुसलेम तालमूदचे निघाले आणि त्यांना आनंद झाला. मग त्यांनी एक फाटके, मळकट, कडा झिजलेले पान उचलले. ते वाचताना त्यांची नजर खिळली. त्यावरचा मजकूर पवित्र शास्त्रातला नव्हता, तरीही त्यातली शब्दयोजना त्यांना परकी वाटली नाही. भाषांतरांतून आणि तालमूदच्या उताऱ्यांतून हजारदा चाळलेली वचने जणू मूळ तोंडवळ्याने समोर आली होती. त्यांचे डोळे चमकले. हे पान मी घेऊन जाऊ का, जरा तपासून छापायचे आहे, असे त्यांनी विचारले. बहिणींनी संमती दिली.

शेक्टर तडक विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले. ग्रीक प्रत उघडली, सिरियाक उघडली आणि ओळीमागून ओळ ताडून पाहिली. शंका उरली नाही. बेन सिराच्या एकोणचाळिसाव्या अध्यायाच्या मध्यापासून चाळिसाव्याच्या आरंभापर्यंतचा मूळ हिब्रू मजकूर त्यांच्या हातात होता. जवळजवळ नऊशे वर्षांनी तो ग्रंथ पुन्हा माणसाच्या नजरेस पडला होता. त्यांनी तिथूनच बहिणींना चिठ्ठी धाडली : अभिनंदन करून घ्यावे असे हे पान आहे, पण उद्यापर्यंत कुणापाशी बोलू नका. शेक्टर घरी आले तेव्हा आनंद त्यांच्या अंगात मावत नव्हता. आता माझे नाव बायबलच्या बरोबरीने राहील असे ते बोलल्याचे त्यांच्या पत्नी मटिल्डा यांनी पुढे सांगितले. तीन दिवसांत अ‍ॅग्नेसबाईंच्या पत्राने ही बातमी लंडनच्या नियतकालिकांत झळकली.

आनंदावर लगेच विरजण पडले. काही आठवड्यांतच ऑक्सफर्डहून अडॉल्फ न्यूबाउर आणि आर्थर काउली यांनी जाहीर केले की त्यांच्या ग्रंथालयात त्याच हस्तलिखिताची नऊ पाने सापडली आहेत, आणि ती नेमकी केंब्रिजचे पान जिथे संपते तिथूनच सुरू होतात. ज्या ग्रंथासाठी शेक्टर वर्षानुवर्षे झुरत होते, त्याचा मोठा वाटा प्रतिस्पर्ध्यांच्या पदरात पडला होता. पण या धक्क्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. एका हस्तलिखिताची पाने दोन वेगवेगळ्या दलालांकडून बाजारात आली असतील, तर ती पाने जिथून सुटत आहेत ते मूळ ठिकाण अजून शाबूत असले पाहिजे. शेक्टरांनी धागेदोरे जोडले. अलीकडे पश्चिमेत येणाऱ्या कित्येक हिब्रू पानांचा माग जुन्या कैरोतील एका सिनेगॉगकडे जात होता.

ज्यू परंपरेत देवाचे नाव लिहिलेला कागद फेकत नाहीत. तो निकामी झाला तरी गेनिझा नावाच्या जागेत ठेवतात आणि कालांतराने विधिपूर्वक पुरतात. जुन्या कैरोतील फुस्तात भागातल्या बेन एझरा सिनेगॉगमध्ये ही गेनिझा स्त्रियांच्या सज्जाच्या टोकाला, भिंतीत उंचावर असलेल्या एका भोकामागच्या अंधाऱ्या खोलीत होती. तिथे केवळ धर्मग्रंथांची पाने नव्हती. हिब्रू लिपीत लिहिलेले काहीही लोक तिच्यात टाकत आले होते. प्रार्थना, कविता, पत्रे, हिशेब, विवाहपत्रे, न्यायनिवाडे, मुलांचे धुळाक्षरांचे कागदसुद्धा. पुरण्याचा विधी तिथे राहूनच गेला, आणि इजिप्तच्या कोरड्या हवेने कागदांना अभय दिले. जवळजवळ एक हजार वर्षांचा हा साठा असा साचत गेला होता.

त्याची कुणकुण काहींना आधीच लागली होती. १८६० च्या दशकात जेरुसलेमचा प्रवासी याकोब सफीर तिथे पोहोचला होता. आत साप आहे, जाऊ नका, असे त्याला बजावण्यात आले. तरीही तो शिडीने चढला, धुळीत दोन दिवस खपला, थोडी पाने घेऊन थकून बाहेर पडला आणि तळाशी काय दडले असेल ते कोण जाणे, असे म्हणून निघून गेला. १८९० च्या आसपास सिनेगॉगची इमारत पाडून नव्याने बांधण्यात आली, तेव्हा पाने बाहेर पडू लागली आणि दलालांना त्यांचा वास लागला. १८९६ च्या आरंभी लंडनचे संग्राहक एल्कन अ‍ॅडलर एक पोते भरून घेऊन गेले. म्हणजे वेळ थोडा होता.

शेक्टरांनी आपला बेत मोजक्या लोकांना सांगितला. सेंट जॉन्स महाविद्यालयाचे प्रमुख चार्ल्स टेलर हे स्वतः हिब्रूचे जाणकार. त्यांनी प्रवासाचा सगळा खर्च आपल्या खिशातून देऊ केला. ऑक्सफर्डला सुगावा लागू नये म्हणून गुपित पाळण्यात आले. डिसेंबर १८९६ मध्ये शेक्टर शिफारसपत्रे घेऊन कैरोत उतरले.

तिथले प्रमुख रब्बी अहरोन बेन शिमोन आणि समाजातील प्रतिष्ठित कत्तावी घराणे यांचा विश्वास संपादन करणे हे पहिले काम होते. युरोपातून आलेला एक अनोळखी माणूस आपल्या पूर्वजांचा कागदांचा साठा मागतो आहे, ही गोष्ट सहज मान्य होण्यासारखी नव्हती. शेक्टरांनी घाई केली नाही. ते रब्बींबरोबर कॉफी प्यायले, सिगारेटी ओढल्या, शास्त्रचर्चा केली, दिवस घालवले. अखेर एके दिवशी रब्बी त्यांना बरोबर घेऊन बेन एझरात गेले, शिडी लावली, भोकापर्यंत चढवले आणि हवे ते न्या, हवे तेवढे न्या, असे सांगितले. हस्तलिखित म्हणावे असे सगळेच नेण्याचा निश्चय शेक्टरांनी केला. छापील पाने मागे ठेवायची, हातांनी लिहिलेले सगळे उचलायचे.

आत उतरल्यावर त्यांना दिसले ते पाहून कुणाचेही धैर्य खचले असते. खिडकी नाही, प्रकाश नाही. शतकांच्या पानांचा ढीग एकमेकांत रुतलेला, चिकटलेला, चिरडलेला. शेक्टरांनी पुढे या दृश्याची तुलना रणांगणाशी केली; ग्रंथांचे विच्छिन्न अवयव इतस्ततः पडले होते. भूतपिशाच्च आणि देवदूत यांचे अस्तित्वच नाकारणाऱ्या एका तर्कवादी ग्रंथाच्या पानाला भूतपिशाच्चांनाच साकडे घालणारा ताईत चिकटून बसला होता, हेही त्यांनी नोंदवले. पाने उपसली की पिवळट धूळ उठे. ती डोळ्यांत जाई, घशात जाई, फुप्फुसांत जाऊन बसे. मदतीला आलेले पोरगे बक्षीस मागत, पुन्हा मागत, आणि नजर चुकताच पाने लंपास करत. खोलीतून निसटलेली काही पाने शेक्टरांना दलालांकडून पुन्हा विकत घ्यावी लागली. प्रकृती ढासळू लागली, वैद्याला दाखवायची पाळी आली. तरी ते रोज पहाटे सिनेगॉगकडे निघत आणि अंधार पडेपर्यंत पोती भरत.

जानेवारी १८९७ मध्ये अ‍ॅग्नेसबाई आणि मार्गारेटबाई कैरोला आल्या आणि त्यांनी या कामात मदतीचा हात दिला. पुढे ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या साहाय्याने हा ऐवज पेट्यांतून केंब्रिजला रवाना झाला.

घरी परतण्याआधी शेक्टर पॅलेस्टाईनला गेले. तिथे कार्मेल पर्वताच्या परिसरात झिक्रोन याकोव या नव्या ज्यू वसाहतीत त्यांचा जुळा भाऊ इस्राएल शेती करत होता. एक भाऊ हजार वर्षांच्या कागदांतून आपल्या समाजाची आशा शोधत होता; दुसऱ्याने तीच आशा हाताने जमीन कसून गाठायचा मार्ग पत्करला होता.

मे १८९७ मध्ये पेट्या केंब्रिजला पोहोचल्या आणि दुसरी लढाई सुरू झाली. ग्रंथपाल फ्रान्सिस जेन्किन्सन यांनी एक खोली मोकळी करून दिली. नाकातोंडावर फडके बांधून शेक्टर तासन्‌तास उभे राहत. एकेक पान उलगडायचे, झटकायचे, भिंगातून वाचायचे, मग पवित्र शास्त्र, तालमूद, काव्य, प्रार्थना, पत्रे अशा पेट्यांत ठेवायचे. पण खोलीत कितीही काही सापडत असले, तरी त्यांची दृष्टी सतत एकाच गोष्टीसाठी भिरभिरत असे. बेन सिराचे आणखी पान आहे का?

ते सापडले. एक नव्हे, अनेक. पहिल्या पानाच्याच हस्तलिखिताची, शिवाय वेगळ्याच प्रतींचीही. महिन्यांमागून महिने तपासणी चालली आणि १८९९ मध्ये शेक्टर व टेलर यांनी ती पाने प्रसिद्ध केली. त्यात छत्तिसाव्या अध्यायातील ती याचना होती, मूळ हिब्रूत. वंश एकत्र आण, नगराची करुणा कर, वचने खरी कर. आजवर भाषांतराच्या पडद्याआडून ऐकू येणारा आवाज आता प्रत्यक्ष समोर आला होता.

आणि शेवटच्या, एक्कावन्नाव्या अध्यायात शेक्टरांना असे काही भेटले की त्यांचा श्वास रोखला गेला. तिथे एक स्तुतिमालिका होती. ग्रीक भाषांतरात ती नव्हती, सिरियाकमध्येही नव्हती. प्रत्येक ओळीत देवाचे एक रूप आळवलेले आणि प्रत्येक ओळीनंतर तेच पालुपद. इस्राएलचा रक्षक, इस्राएलला सोडवणारा, परागंदा झालेल्यांना गोळा करणारा, नगर आणि मंदिर बांधणारा, दावीदच्या घराला बळ देणारा. शेक्टरांनी लहानपणापासून दिवसातून तीनदा म्हटलेली आमिदा जणू त्या ओळींच्या आड उभी होती. त्यांना ते साम्य तत्काळ जाणवले. दोन हजार वर्षांच्या दोन टोकांना उभे राहून एकच मागणी मागणारी माणसे एकमेकांना ओळखत होती. त्या स्तुतीत झादोकच्या याजकवंशाचाही गौरव होता, आणि तो वंश मंदिरात अधिकारावर असतानाच असा गौरव अर्थपूर्ण ठरतो. ही ओळमाळ बेन सिराच्याच हातची की पुढच्या कुणी जोडलेली, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. पण छत्तिसाव्या अध्यायातील प्रार्थनेच्या शेजारी तिला ठेवले की उद्धाराची मागणी किती जुनी आहे हे स्पष्ट होते.

गेनिझाने या प्रश्नाला आणखी एका बाजूने उत्तर दिले. १८९८ मध्ये शेक्टरांनी आमिदाची एक प्राचीन पॅलेस्टाईनी प्रत प्रसिद्ध केली. ती युरोपात रूढ असलेल्या पाठापेक्षा आटोपशीर होती. जेरुसलेमची आणि दावीदच्या वंशाची मागणी तिच्यात एकाच आशीर्वचनात गुंफलेली होती. शब्द वेगवेगळ्या भूमींत वेगवेगळे वाढले, तरी मागणी तीच राहिली, याचा तो पुरावा होता. पुढे १९१० मध्ये त्यांनी याच पानांतून एका अज्ञात पंथाचा ग्रंथ प्रसिद्ध केला, ज्यात एका मसीहाची वाट पाहणारे लोक दिसतात. त्याच ग्रंथाच्या प्रती मृत समुद्राकाठच्या गुहांत सापडल्या तेव्हा शेक्टर जिवंत नव्हते.

पण बेन सिराचा निकाल लागला नव्हता. १८९९ मध्येच मार्गोलियथ यांनी आघात केला. सापडलेली हिब्रू मूळची नाही, मध्ययुगात कुणीतरी फारसीतून उलटी हिब्रूत रचली आहे, असा त्यांचा दावा होता. हस्तलिखिताच्या समासांत फारसीत काही टिपा होत्या, त्यांवर त्यांनी आपली इमारत उभारली. शेक्टर संतापले, त्यांनी उत्तर दिले, विद्वान दोन तटांत विभागले गेले. पण पान दहाव्या-अकराव्या शतकाच्या आसपासचे आणि ग्रंथ इसवी सनापूर्वीचा. मधल्या हजारभर वर्षांची खात्री देणारे काहीच हाती नव्हते. १९०२ मध्ये शेक्टर न्यूयॉर्कला ज्यू धर्मविद्यालयाचे प्रमुख म्हणून गेले आणि १९१५ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. आपण बरोबर होतो हे त्यांना अखेरपर्यंत सिद्ध करून दाखवता आले नाही.

निकाल लागायला आणखी अर्धशतक जावे लागले. मृत समुद्राच्या पश्चिम काठावर मसादा हा उंच किल्ला आहे. इसवी सन ७३ च्या सुमारास रोमनांविरुद्ध लढणाऱ्या ज्यू बंडखोरांचा शेवटचा आसरा तिथेच कोसळला. १९६४ मध्ये पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादिन यांचे पथक त्याच्या तटबंदीतल्या कोठड्या उकरत होते. एका कोठडीत ढिगाऱ्याखाली कुरतडलेल्या चामड्याचे तुकडे मिळाले. उलगडून वाचताच यादिन यांच्या लक्षात आले की हा बेन सिरा आहे. लिपीवरून ही प्रत इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातली ठरली. म्हणजे ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांत कुणीतरी ती लिहिली, बंडखोरांपैकी कुणीतरी ती आपल्याबरोबर किल्ल्यावर आणली, आणि किल्ला पडल्यावर ती तटबंदीत गाडली गेली.

यादिन यांनी मसादाचा मजकूर केंब्रिजच्या पानांशी ताडला. गेनिझातील प्रत मूळ ग्रंथाचीच वंशज ठरली. एवढेच नाही, तर ज्या समासांवर बोट ठेवून मार्गोलियथ यांनी खोटेपणाचा आरोप केला होता, त्याच समासांत टिपलेले पाठभेद अनेक ठिकाणी मसादाच्या प्राचीन पाठाशी जुळत होते. एका मध्ययुगीन नकलनविसाने प्रामाणिकपणे जुना पाठही टिपून ठेवला होता. त्याच्या त्या सचोटीवरच शंका घेतली गेली होती. शेक्टरांच्या निधनानंतर ४९ वर्षांनी त्यांचे म्हणणे शाबीत झाले.

दरम्यान गेनिझातून आशेच्या इतर रूपांचाही उलगडा होत राहिला. स्पेनचा महाकवी येहुदा हलेवी आयुष्याच्या उत्तरार्धात घरदार सोडून जेरुसलेमकडे निघाला होता, एवढे ऐकिवात होते. तो पोहोचला की नाही, हे कोडे होते. शलोमो गोइटाइन यांनी १९५० च्या दशकात गेनिझाच्या पानांतून हलेवीच्या स्वतःच्या हस्ताक्षरातील पत्रे शोधून काढली. ती त्याने हलफोन बेन नतनेल या मित्राला लिहिली होती, आणि हा हलफोन हिंदुस्थानाशी व्यापार करणारा. इतर पत्रांवरून कळते की मे ११४१ मध्ये अलेक्झांड्रियाहून पॅलेस्टाईनकडे जाणाऱ्या जहाजात कवी चढला होता आणि त्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला. ज्याने आयुष्यभर त्या भूमीची आस धरून गीते रचली, तो अखेर तिच्या दिशेने निघाला होता, याची साक्ष व्यापाऱ्यांच्या पत्रव्यवहारातून मिळाली.

ही आशा कोकणापर्यंतही पोहोचलेली आहे. मूळ समाजापासून शतकानुशतके तुटून राहिलेले तिथले बेने इस्राएल ज्यू एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा हा विधी करतात. मसीहाच्या आगमनाची वर्दी देणारा संदेष्टा म्हणून ज्यू परंपरा एलियाहूकडे पाहते. अलिबागजवळच्या खंडाळे गावातील खडकावर त्याच्या रथाची खूण आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे. वल्हांडण सणाला वाचली जाणारी हागादा ही पोथी १८७४ मध्ये पुण्यात हिब्रूच्या जोडीने मराठीत छापली गेली, तेव्हा जेरुसलेमला परतण्याची मागणी मराठी घरांतही आपल्या भाषेत वाचली जाऊ लागली. केंब्रिजमधला संशोधक आणि कोकणातला बेने इस्राएल एकाच प्रार्थनेच्या छायेत उभे होते.

केंब्रिजमध्ये आज टेलर-शेक्टर संग्रहात सुमारे १,९३,००० तुकडे आहेत. त्यांच्या प्रतिमा संगणकावर आल्या आहेत, आणि एकाच पानाचे दोन खंडांत विखुरलेले अर्धे तुकडे अभ्यासक आता पडद्यावर जोडतात. नवी पाने ओळखली जाण्याचे काम थांबलेले नाही.

शेक्टरांच्या श्रमाचे मोल या संख्येपलीकडचे आहे. जळालेल्या मंदिराच्या शोकातून उद्धाराची मागणी उपजली असे म्हणणाऱ्यांना त्यांनी एका शहाण्या गुरूचे मूळ शब्द दाखवले. मंदिर उभे होते, वेदी पेटलेली होती, तेव्हाच बेन सिराने विखुरलेल्यांसाठी हात जोडले होते. म्हणजे ही आशा हरल्यावर शोधलेले सांत्वन नव्हती. आहे त्यावर समाधान न मानता जे न्याय्य आणि पूर्ण आहे त्याची मागणी करत राहण्याची ती सवय होती, आणि सवय असल्यामुळेच ती मंदिर कोसळल्यावरही कोसळली नाही. शेक्टरांच्या हाती निर्णायक पुरावा नसतानाही त्यांनी तीच सवय विद्येच्या क्षेत्रात निभावली. धूळ खात, विरोध झेलत, मूळ शब्द सापडतील या विश्वासाने ते उपसत राहिले, आणि पुढच्या पिढीने त्यांचा विश्वास खरा ठरवला.